थ्रेड : एका रबरी बेल्टवर टांगलेला इतिहास

१/ महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावांत टेपरेकॉर्डरवरचे गाणे रेंगाळू लागले, आवाज जाड झाला, की दुरुस्तीवाला प्रथम आतला रबरी बेल्ट पाही. बहुतेकदा दोष तेथेच सापडे. हेच निदान जपानच्या एका विस्मृत यंत्रालाही तंतोतंत लागू पडते.

२/ नव्वदच्या दशकात भारतीय घरांत आलेले बरेचसे स्वस्त व्हिडिओ गेम हे निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ उर्फ फॅमिकॉमच्या (१९८३) नकला होत्या. त्यात खेळाची ‘कॅसेट’ खोचावी लागे. जपानी मुलेही तिला कॅसेटच म्हणत. मात्र त्यांच्याकडे आणखी एक वस्तू होती, जी आपल्याकडच्या पिढीने पाहिली नाही : डिस्क ड्राइव्ह.

३/ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी ‘फॅमिकॉम डिस्क सिस्टिम’ बाजारात आली. किंमत १५,००० येन. त्याच दिवशी ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा खेळही आला. डिस्कच्या दोन्ही बाजू मिळून क्षमता सुमारे ११२ किलोबाइट, म्हणजे आजच्या एका साध्या छायाचित्राहूनही कमी.

४/ डिस्कचे दोन मोठे लाभ होते. पहिला म्हणजे दुकानातील यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा खेळ लिहून घेता येई. दुसरा म्हणजे खेळ अर्धवट सोडला तरी खेळाडूचे नाव आणि त्याची प्रगती डिस्कवरच नोंदली जाई.

५/ या ड्राइव्हची रचना संगणकाच्या फ्लॉपीहून वेगळी. फ्लॉपीवर अनेक वर्तुळाकार मार्ग असतात. येथे ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे एकच सर्पिल मार्ग. एकच मोटर बेल्टच्या साहाय्याने डिस्कही फिरवते आणि हेडही सरकवते. मार्ग संपला की हेड झटक्याने मूळ जागी परतते.

६/ म्हणून बेल्ट गेला की सारेच थांबते. चार दशकांत मूळ बेल्ट तुटतो, सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. पडद्यावर मात्र केवळ एक त्रुटी-क्रमांक उमटतो, आणि मालक यंत्र निकामी समजतो.

७/ जाणकार क्रमाने जातो. ०१ : डिस्क नीट बसलेली नाही. ०२ : वीजपुरवठा वा बॅटरी अपुरी. ०७ : डिस्कची बाजू चुकली. हे तिन्ही दोष मिनिटभरात निस्तरतात. क्रमांक विशीच्या पुढचा असेल, तर डिस्कवरचा मजकूर नीट वाचला जात नाही. मग बेल्ट, हेड आणि त्यांची जुळणी तपासायची.

८/ नवा बेल्ट घालण्यापूर्वी जुन्याचा चिकटा अल्कोहोलने पूर्ण पुसावा लागतो. बेल्ट बदलल्यावरही वाचन जमले नाही, तर हेडची सुरुवातीची जागा आणि डिस्क फिरवणाऱ्या चकतीची स्थिती यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. फरक अगदी थोडा असतो, पण सर्पिल मार्गाचा आरंभच चुकला तर पुढचे काहीच हाती लागत नाही.

९/ येथे सर्वांत मोठा धोका उतावीळपणाचा. चाचणीसाठी दुर्मीळ डिस्क कधीही वापरू नये. बिघडलेला ड्राइव्ह चुकीच्या जागी लिहू लागला, तर १९८६ साली कुणा मुलाने नोंदवलेले नाव क्षणात पुसले जाईल. छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळते; या नोंदीची जगात एकच प्रत असते.

१०/ अधिक क्षमतेच्या कॅसेट आल्या आणि डिस्क मागे पडली. पुनर्लेखनाची सेवा २००३ मध्ये थांबली, निन्टेन्डोची अधिकृत दुरुस्ती २००७ मध्ये. तेव्हापासून ही यंत्रे हौशी दुरुस्तीकारांच्या हातांवर जगत आहेत.

११/ इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला ताम्रपट आणि बखरी आठवतात. परंतु विसाव्या शतकाचा मोठा भाग चुंबकीय फितीवर आणि चकत्यांवर लिहिला गेला, आणि तो वाचणारे यंत्र बंद पडले की दस्तऐवजही मुका होतो. तेव्हा घरच्या माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. कदाचित फक्त बेल्टच गेला असेल, आणि आतल्या कॅसेटमध्ये आजीचा आवाज असेल.

(समाप्त)