विचारांना मतं पडतात का?

हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडलं ते बाबासाहेब आंबेडकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून पडले. तेच बिल निवडणुकीच्या तोंडावर ज्यांच्या सरकारने बाजूला ठेवलं, ते पंडित नेहरू मात्र त्याच बिलावरून आव्हान मिळूनही निवडून आले. निवडणुकांच्या अभ्यासात माझी तीस वर्षं गेली, आणि १९५२ सालच्या या दोन निकालांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

नेहरूंच्या विरोधात, पुढे फुलपूर म्हणून ओळखल्या गेलेल्या मतदारसंघात, प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू उभे होते. हिंदू कोड बिलाला विरोध हाच त्यांचा मुद्दा. त्यांच्यामागे जनसंघ, हिंदू महासभा आणि रामराज्य परिषद. म्हणजे स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क द्यावा की नाही, या प्रश्नावर गंगाकाठच्या ग्रामीण मतदारांचा जणू कौलच मागितला गेला. नेहरू मोठ्या फरकाने निवडून आले, आणि १९५५-५६ मध्ये ते बिल चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झालं. लोक चिडतील म्हणून जे १९५१ साली पुढे ढकललं, त्यावर लोक फारसे चिडलेच नव्हते.

मग बाबासाहेब का पडले? काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं. हा पुरोगामी विचारांचा पराभव होता, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते मान्य नाही, आणि त्यासाठी मागे १९३७ सालाकडे जावं लागतं. तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १४ निवडून आले. विचार सौम्य होते म्हणून नव्हे. खोतांच्या जाचातून कुळांना सोडवा, कामगारांना संरक्षण द्या, असा तो जाहीरनामा होता. पण त्या वेळी मुंबई प्रांतात एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. अल्पसंख्य, पण एकदिलाने मत देणाऱ्या समाजाला या तरतुदीने ताकद दिली. १९५२ साली ती गेली. उत्तर मुंबई द्विसदस्य मतदारसंघ होता, मतदाराला दोन मतं होती, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांनाच देता येत. काँग्रेसच्या मतदाराने आपली दोन्ही मतं आपल्याच जोडीला दिली. बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांच्या युतीला मात्र मतं एकमेकांकडे वळवावी लागत होती, आणि अशा वळवण्यात मतं वाटेत गळतातच. विचार तेच, नेता तोच. मत मोजण्याची रीत बदलली होती आणि पाठीशी काँग्रेसइतकी बांधलेली संघटना नव्हती.

म्हणून ‘पुरोगामी बोलून निवडून येता येतं का’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कुठे, किती वर्षं, आणि कुणाच्या जोरावर?

याचं सगळ्यात भरघोस उत्तर मला कोकणात मिळालं. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये बॅरिस्टर नाथ पैंना निवडून दिलं. त्यांच्या अकाली निधनानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते. म्हणजे १९९१ पर्यंत चौतीस वर्षं हा भाग समाजवाद्यांकडे होता. त्यात १९७१ ची इंदिरा लाट आली आणि १९८४ ची राजीव लाटही आली. त्या लाटांत देशभर भलेभले वाहून गेले, पण दंडवते टिकले. दंडवते मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, तेही बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात. हा धागा हाती लागला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात, एका निवृत्त गिरणी कामगाराच्या पडवीत मी दुपारभर बसले होते. तुम्ही समाजवादी होता का, असं त्यांना विचारलं. ते जरा थांबून दंडवत्यांविषयी म्हणाले, "नानांचा सगळाच आमका पटायचा असा नाय. पण ते उद्या काय बोलतले, ता आमका आजच म्हायत असायचा."

या एका वाक्याने माझ्या अभ्यासाची दिशा बदलली. त्याआधी मी मतदारांची मतं आणि उमेदवारांची मतं किती जुळतात, ते मोजत बसायचे. पण बहुतेक मतदार उमेदवाराच्या प्रत्येक भूमिकेशी सहमत नसतात आणि त्यांना तशी गरजही वाटत नाही. उमेदवाराचं उद्याचं वागणं आज सांगता येतं का, हे ते पाहतात. आपली भूमिका न बदलणारा माणूस आपल्या विरोधात मत असणाऱ्यालाही विश्वासाचा वाटू शकतो. दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. मनिऑर्डरवर चालणाऱ्या घराला, ज्याचा मुलगा गिरणीत आणि सून गावी, त्याला समतेचा अर्थ सांगायला याहून मोठं भाषण लागत नव्हतं.

पण नुसत्या सातत्याने हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्यामागे राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्या, गावोगावच्या हायस्कुलांतले समाजवादी शिक्षक होते, आणि मुख्य म्हणजे मुंबईचं गिरणगाव होतं. युनियनमध्ये कानावर पडलेलं गणपतीच्या सुट्टीत गावी पोचायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो गिरणगावच मोडून गेला. बेकार झालेल्यांची मुलं वाढली ती युनियनच्या कचेरीत नव्हे, शिवसेनेच्या शाखेत. १९९१ साली दंडवते पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले, आणि १९९६ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू. दंडवत्यांचे विचार १९८९ साली होते तेच १९९१ साली होते. त्यांचा विचार घरोघर नेणारी माणसं मात्र पांगली होती.

सांगोल्याचं उदाहरण यापेक्षा अवघड आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ मध्ये आणि शेवटचे २०१४ मध्ये. त्यांच्या यशाला धनगर समाजाची संख्या कारणीभूत होती, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो खोटा नाही. पण तोच समाज तिथे १९७२ सालीही होता आणि १९९५ सालीही. त्या दोन्ही वेळा गणपतराव हरले, १९९५ मध्ये तर अवघ्या १९२ मतांनी. जात मतांचा पाया देते, पण वरची भिंत माणसालाच बांधावी लागते. हरल्यावर त्यांनी पक्ष सोडला नाही. याच पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे १९५४ सालीच काँग्रेसमध्ये परतले होते, आणि पुढे यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात कितीतरी तडफदार मंडळी गेली. दुष्काळी तालुक्यातला एक आमदार पाणी, सूतगिरणी आणि लाल बावटा धरून तिथेच राहिला. त्यांच्या पश्चात २०२४ मध्ये सांगोल्याने त्यांच्या नातवाला याच पक्षाकडून निवडून दिलं. त्याच निवडणुकीत डहाणूची जागा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने राखली. तिथे तर १९४५ सालच्या वारली उठावापासूनची पुण्याई आहे.

पोटापाण्याचे प्रश्न निराळे आणि रूढींचे निराळे, असं मला कार्यकर्ते सांगतात. जमीन आणि मजुरीवर मतं मिळतात, देवाधर्माला हात लावला की जातात. हे भय मी विधिमंडळात वर्षानुवर्षं पाहिलं. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा किती वेळा आला, किती पातळ झाला, किती वेळा मागे पडला. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्या कायद्याला मत दिलं म्हणून पडलेला एकही आमदार माझ्या पाहण्यात नाही. ज्या मतदारांच्या धाकाने ते सगळं थांबलं होतं, त्यांना कुणी जाऊन विचारलंच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

माझी एक विद्यार्थिनी ग्रामपंचायतीला उभी राहिली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तसाच ठराव आपल्या गावात करायचा, असं तिने पत्रकात छापायला घेतलं. छापखान्यातून फोन आला. पॅनेलमधले म्हणत होते, ते वाक्य काढा. तिने मला विचारलं, मॅडम, ठेवू का? मी म्हटलं, ठेव, पण आजपासून मतदानापर्यंत ते वाक्य तू स्वतः प्रत्येक उंबऱ्यावर वाचून दाखव, नुसतं पत्रक टाकून येऊ नको. तिने वाचलं. काही घरांत तिला पाणीही विचारलं नाही, काही घरांत सासवांनीच आत बोलावून घेतलं. ती नऊ मतांनी पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला तेव्हा ती तहसील कचेरीत होती. वाचून दाखवताना भेटलेल्या एका बाईची विधवा पेन्शन दोन वर्षं अडली होती, तिचे कागद घेऊन.