वर्गातील फोन आणि घरची माणसे

आमच्या घरी सर्व मिळून नऊ माणसे. गेल्या श्रावणात त्या नवांचेही एका गोष्टीवर एकमत झाले, आणि असा योग आमच्याकडे क्वचितच येतो. अकरावीतील नातवाचा मोबाइल भर तासाला वाजला, प्राध्यापकांनी तो काढून घेतला आणि पालकांस भेटीस बोलाविले. “घरात हृदयविकाराच्या आजी असताना मुलाने फोन बंद ठेवायचा तरी कसा?” हा सूनबाईंचा सवाल आम्हांस बिनतोड वाटला, व तो प्राध्यापकांपुढे मांडण्याचे काम वडीलकीच्या नात्याने आम्ही पत्करले.

प्राध्यापकांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग नातवास फोन उघडावयास सांगून, त्या दिवशी तासांच्या वेळात आलेले संदेश त्यांनी आमच्यापुढे ठेविले. एकंदर चौदा होते. त्यांपैकी तीन मित्रांचे; उरलेले अकरा आमच्याच घरचे! डबा खाल्लास का, येताना कोथिंबीर आणशील का, काकूने पसंत केलेला पडद्याचा रंग कसा वाटतो. आणि फुलांच्या चित्रासह एक ‘सुप्रभात’, जे पाठविणारे गृहस्थ तेथेच खुर्चीवर बसले होते. आजीच्या प्रकृतीविषयी त्यांत एक अक्षरही नव्हते.

परतताना वाटेत नातवाची मुंज आठवली. मातृभोजनाच्या वेळी सूनबाईंचे डोळे भरून आले होते. आईच्या पानात जेवून मुलाने गुरुगृही जावयाचे, ही त्या विधीमागील कल्पना. विद्येसाठी घर काही काळ दूर ठेवावे लागते, हे पूर्वजांस उमगले होते. आम्ही मातृभोजन थाटाने केले खरे. परंतु घर मात्र मुलाच्या खिशात घालून वर्गापर्यंत पोहोचते केले.

“आवाज बंद करून ठेवला तर काय बिघडते?” असे धाकट्या चिरंजीवांनी विचारले. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचे मुके फोन दुसऱ्या खोलीत होते त्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी, मेजावर फोन असणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. पुढील प्रयोगांत हाच निष्कर्ष दर वेळी निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु इंग्लंडमधील ९१ शाळांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हांस अधिक मननीय वाटतो. तेथे बंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचे. हुशारांस विशेष फरक पडला नाही. म्हणजे वर्गातील फोनची किंमत सर्वांत अधिक भरतो तो दुबळा विद्यार्थी.

ह्यावरून फोन शाळेतच आणू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. सायंकाळी एकट्याने परतणाऱ्या मुलामुलींस त्याचा आधार असतो. मधुमेही मुलाच्या दंडावरील साखर मोजणारे यंत्र फोनशी जोडलेले असेल, तर त्याचा फोन चालू राहिलाच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ साली सरसकट बंदीस नकार देऊन, वर्गात मात्र वापर नसावा, असाच मध्यम मार्ग दाखविला.

आमच्या घरी ठरले ते असे: तासाच्या वेळी फोन बंद, खरीच निकड पडल्यास महाविद्यालयाच्या कार्यालयास कळवावयाचे.

मार्गशीर्षात तशी वेळ आली. आजीच्या छातीत दुपारी कळ आली व तिला तातडीने रुग्णालयात हलविले. तेथून आम्ही कार्यालयाचा क्रमांक लावू लागलो, तोच तिने क्षीण स्वरात म्हटले, “त्याचा तास संपू द्या.” तासानंतर शिपायाने निरोप दिला आणि नातू धावत आला, तेव्हा धोका टळला होता. फोन चालू असता, तर त्याला बातमी तासभर आधी कळली असती. आजीचे दुखणे काही त्यामुळे हलके झाले नसते.

आजीने त्याचा हात हाती घेतला व विचारले, “आज काय शिकविले रे?” आणि त्याला ते सांगता आले.