तार विकताना

यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरातील एका गावी एका जैन कुटुंबाचे लोखंडी सामानाचे जुने दुकान आहे. हरभरा घाट्यावर आला असता एके सायंकाळी ओळखीचा एक शेतकरी तेथे आला. डुकरांनी एका रात्रीत त्याचा अर्धा एकर हरभरा लोळवला होता. “शेठजी, पाच किलो साधी तार द्या. रात्री आकडा टाकून सोडतो,” तो सहज म्हणाला.

मुलाने तार काट्यावर ठेवली होती. वडिलांनी ती उचलून बाजूला ठेवली. “भाऊ, या कामासाठी तार देता येणार नाही.”

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार केवळ बंदूक चालवणे म्हणजे शिकार नव्हे. फास लावणे, सापळा रचणे, तसा प्रयत्न करणे हीही शिकारच. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरालाही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी, सकारण परवानगीशिवाय मारता येत नाही. अभयारण्यात शिकार केल्यास किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आहे.

शेठजींना कायद्याहून अधिक बोचत होते ते निराळेच. काही वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात अशाच तारेला चिकटून एक वाघीण मेली. तार कोणत्या दुकानातून गेली, हे त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनी स्वतःला मात्र विचारले, आणि उत्तर देता आले नाही. कारण गिऱ्हाइकाला हेतू विचारण्याची दुकानाची रीतच नव्हती.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान सांगितले आहे. तेथे तलवारीबरोबर कुदळीसारखे अवजारही येते. कुदळ शेतीचीच, परंतु हिंसेचे साधन म्हणून ती दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यावरही दोष येतो. तारेचेही तसेच. पीक राखणे हा शेतकऱ्याचा धर्म आहे, आणि आत्मरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हेही शास्त्र जाणते. पण विजेच्या तारेला विरोधक ओळखता येत नाही. डुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा बैल, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस, तिला सारे सारखेच.

नुसता नकार देऊन मात्र शेतकऱ्याचा हरभरा वाचणार नव्हता. शेठजींनी त्याला बॅटरीवर चालणारे झटका मशीन दिले. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. पैसे माल विकल्यावर, बिनव्याजी. नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे करावयाचा अर्ज मुलाने तिथेच लिहून दिला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला हेतू विचारताच तो रागावून निघून गेला. मुलगा म्हणाला, “बाबा, तो समोरच्या दुकानातून घेईल.”

“घेईल,” वडील म्हणाले. “आपले गिऱ्हाईक गेले, हे खरे. पण उद्या काही घडले, तर ती तार आपल्या काट्यावर तोललेली नसेल.”

त्या रात्री सामायिकास बसताना त्यांनी आलोचना केली ती या नकाराची नव्हे, तर न विचारता तोलून दिलेल्या आजवरच्या तारेची.