मुकी शीर्षे

आम्हां कारकुनांना अर्थसंकल्प वाचण्याची एक खोड असते. मंत्रिमहोदयांचे भाषण सोडून आम्ही सरळ मागण्यांच्या जाडजूड पुस्तकातील बारीक आकड्यांकडे वळतो. भाषणात राज्याची इच्छा असते. आकड्यांत त्याची सवय असते. आणि सवय अशी, की पैसा अपुरा पडला तरी वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज यांना हात लावता येत नाही. मग कात्री फिरते ती दुरुस्ती, पुस्तके, पाण्याची टाकी अशा मुक्या शीर्षांवरून. ज्या खर्चाला तक्रार करण्यास तोंड नाही, तो आधी कापला जातो.

पैशाची ही सबब जुनीच आहे. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही विरोधकांनी खर्चाकडे बोट दाखविले आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. वस्तुतः मराठी मुलखाबाहेर बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच ते शिक्षण आपल्या राज्यात सक्तीचे केले होते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणाला द्यावा असे सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. जो आकडा इतक्या वर्षांनी पुन्हा लिहावा लागतो, तो मधल्या काळात गाठला गेला नाही, हे ओघानेच आले.

आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्या उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला. आमच्या कचेरीतील शिपायाची मुलगी ज्या शाळेत तिसरीला होती, तिचेही नाव यादीत आले. तो एक दिवस दुपारच्या सुटीत टेबलाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, एक अर्ज लिहून द्या. आमचा लिहिलेला कुणी वाचत नाही." कागदावर नव्या शाळेचे अंतर ९०० मीटर होते. पण ते रेल्वेचे रूळ ओलांडून! फाटकावरून जावे तर दीड किलोमीटर भरते. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. तो मुलाच्या पायांनी मोजायचा की नकाशावरच्या पट्टीने, एवढाच प्रश्न आम्ही त्या अर्जात विचारला. जुलैच्या अखेरीस १ किलोमीटरहून दूरच्या जोडण्या रद्द करण्याची घोषणा झाली. आमच्या अर्जाची मात्र अजून पोचच तेवढी हाती आहे, आणि मुलगी आजीचे बोट धरून फाटकावरून जाते.

अर्ज लिहिताना आमच्यातील हिशेबनीस जागा झाला. अशी शाळा बंद करून वाचते किती? शिक्षक कायम नोकरीतले. ते दुसऱ्या शाळेत जातात, वेतन चालूच राहते. वाचते ते किरकोळ वार्षिक अनुदान, आणि पुढे कधीतरी न भरलेल्या जागांचे वेतन. ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेतच, असे २००९ चा कायदा म्हणतो. शाळाच उरली नाही की ती गरजही कागदावरून उतरते. सरकारच्या वहीतून गेलेला खर्च नाहीसा झालेला नसतो. तो त्या आजीच्या वहीत जातो, जी कुणी तपासत नाही.

याचा अर्थ तिजोरी रिकामी असताना काहीच सुधारता येत नाही, असा नव्हे. अनुदान मार्चच्या धांदलीत न सोडता वर्षारंभी पोचविण्यास नवा पैसा लागत नाही; पावसाळ्यापूर्वी मिळालेल्या रकमेतून छप्पर शाकारता येते, मार्चमध्ये मिळालेल्या रकमेतून केवळ पावत्या गोळा होतात. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना इतर कामास जुंपू नये, हे त्याच कायद्याचे २७ वे कलम पाळण्यासही पैसा लागत नाही. लागतो तो वरच्या खुर्चीचा आग्रह.

आणि तो आग्रह कोठून यावा? आपल्यापैकी पुष्कळांची मुले केंद्रीय विद्यालयांत शिकतात. आमचीही तेथेच आहे. बदलीच्या नोकरीत मुलांची आबाळ होऊ नये म्हणून १९६३ पासून ही व्यवस्था उभी राहिली. मागणाऱ्यांना मसुदा लिहिता येत होता, हेही तिचे एक कारण असावे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ रोजी सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच गेली पाहिजेत असा आदेश दिला, तो याच जाणिवेने. तो प्रत्यक्षात उतरला नाही. पण त्यातील निदान अचूक होते.

आम्हांस एवढेच सुचते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि त्या समितीने केलेली विकास योजना हाच अनुदानाचा आधार असतो, असे कायदा सांगतो. ती योजना बहुधा कोरी राहते, कारण रकाने भरण्याची विद्या आपल्या टेबलांवर अडकून पडली आहे. प्रांत परका असला तरी रकाने सगळीकडे सारखेच! शिपायाची बायको यंदा अशा समितीवर निवडून आली आहे. येत्या रविवारी ती योजनेचा कागद घेऊन येणार आहे. आम्ही दोन पेन्सिली टोकदार करून ठेवल्या आहेत.