आजी, स्वयंपाक कशावर करता?

आमची थोरली लेक एम.बी.बी.एस.चे पहिले वर्ष पास झाली, तेव्हा आम्ही दोघांनी शुकराण्याची दोन रकात नमाज अदा केली आणि मोहल्ल्यात पेढे वाटले. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय म्हणजे मोठा घाट, असे सगळेच सांगत होते. शरीरातील 206 हाडे तिला तोंडपाठ झाली होती. सुट्टीत घरी आली की दादीचे मनगट धरायची आणि त्यातल्या 8 हाडांची नावे तस्बीह ओढावी तशी म्हणून दाखवायची. घाट संपला, आता सपाट रस्ता, असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या वर्षी दुपारी वर्ग आणि सकाळचे 3 तास वॉर्ड सुरू झाले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप असा फोटो तिने पाठवला. तो आम्ही सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाला, आणि आठव्या दिवशी रात्री फोन आला.

"अम्मी, अब्बा, मला सगळं पाठ आहे, पण येत काहीच नाही." एवढे बोलून ती रडू लागली.

झाले होते असे. स्त्रियांच्या वॉर्डात खेड्यातल्या एक आजी दम लागतो म्हणून दाखल होत्या. त्यांच्या आजाराची हकिकत लिहून घेण्याचे काम लेकीकडे आले. दम केव्हापासून, खोकला आहे का, बेडका पडतो का, पायांना सूज येते का, छातीत दुखते का, असे प्रश्न तिने कागदावर लिहूनच नेले होते. ते तिने एकामागून एक विचारले. "बिडी-सिगारेट ओढता का?" हा प्रश्न आला तेव्हा आजींनी पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. लेकीने लिहिले, व्यसन नाही.

राउंडला मॅडम आल्या. त्यांनी तिचा कागद ऐकून घेतला आणि आजींजवळ स्टूल ओढून बसल्या. गाव कोणते, सुना किती, असे विचारता विचारता म्हणाल्या, "आजी, स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवरच की बाई. लगीन झाल्यापासनं."

मग मॅडमनी मुलांना समजावले. बंद स्वयंपाकघरात लाकडाचा आणि गोवऱ्यांचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला, की बिडीच्या धुराप्रमाणेच फुप्फुसातल्या श्वासनलिका अरुंद होतात. सी.ओ.पी.डी. म्हणतात तो हा आजार. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही तो होतो.

"सगळा जन्म धुरात काढलेल्या बाईला मी बिडीचं विचारलं," लेक म्हणाली.

काय बोलावे ते आम्हाला पटकन सुचले नाही. मग बी.एड.चे सराव पाठ आठवले. पाठाचे टाचण मिनिटामिनिटाचे काढलेले असायचे. पहिल्याच पाठात 35 मिनिटांचा मजकूर 15 मिनिटांत संपला, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाने वहीसुद्धा उघडली नव्हती. त्याच्याकडे पेन्सिल नव्हती. आमच्या टाचणात सगळे काही होते, तो मुलगा तेवढा नव्हता. ही गोष्ट तिला सांगितली, तेव्हा रडण्यातच ती थोडी हसली.

अबू बक्र अल्-राझी यांचीही आठवण आम्ही तिला करून दिली. इसवी सन 925 च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. ते कसे बसत, हे इब्न अल्-नदीम यांनी आपल्या 'अल्-फिहरिस्त' या ग्रंथात नोंदवले आहे. राझींसमोर त्यांचे शागीर्द, त्यांच्या मागे शागिर्दांचे शागीर्द, अशा रांगा असत. येणारा मरीज आपली तक्रार आधी सर्वांत बाहेरच्या रांगेला सांगे. त्यांना उलगडा झाला नाही, तर आतल्या रांगेला, आणि शेवटी खुद्द राझींना. म्हणजे ज्याला सर्वांत कमी येते, त्यानेच सर्वांत आधी ऐकायचे. "बेटा, आज तुझी जागा त्या बाहेरच्या रांगेत आहे. तिथे बसण्यात कसली शरम?"

तिच्या मनात दुसरीही एक धास्ती होती. परक्या माणसाला तपासायचे कसे? तेव्हा आम्ही तिच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपचीच गोष्ट सांगितली. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावायला संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकले, तर ठोके आधीपेक्षा स्पष्ट आले. म्हणजे हे यंत्र हयेतूनच जन्मले. तपासण्याआधी परवानगी घ्यावी, पडदा ओढावा, सिस्टरला जवळ उभे करावे, लागेल तेवढाच भाग उघडावा. हे सारे तिला कॉलेजातही शिकवले जात होते. घरात शिकवलेली हया आणि कॉलेजातले नियम यांत भांडण नाही, हे तिला उमगले.

बकरी ईदला ती घरी आली. या वेळी मनगटाची हाडे मोजली नाहीत. दादीचे पाय चेपत बसली आणि विचारत राहिली. गावचे घर, 14 माणसांच्या भाकऱ्या, बिनखिडकीचे स्वयंपाकघर, पावसाळ्यातली ओली लाकडे. ऐकता ऐकता आम्हीच गप्प झालो. थंडीतला दादीचा खोकला आणि जिन्यात मध्येच थांबणे, हे आम्ही वयावर ढकलले होते. घरात गॅस येऊन 20 वर्षे झाली, म्हणून चूल विसरूनही गेलो होतो.

"निदान करायला मी अजून डॉक्टर नाही," लेक म्हणाली, "पण छातीच्या डॉक्टरांना दाखवू या."

नळीत जोराने फुंकायची तपासणी झाली. आजार तोच निघाला. झालेले नुकसान भरून येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण पंप सुरू झाल्यापासून, अल्हम्दुलिल्लाह, दादी असरनंतर गच्चीवर जातात आणि वाटेत एकदाच थांबतात. रमजानमध्ये पंपाचे कसे करायचे, हे डॉक्टर आणि मौलाना दोघांनाही विचारायचे ठरवले आहे.

इतकी वर्षे एका छताखाली राहिलो. रोज वर्गात मुलांना शंभर प्रश्न विचारतो. अम्मी, तुम्ही स्वयंपाक कशावर करायचा, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते.