ओकच्या सावलीतलं मैदान

रविवार. आज सकाळी पुन्हा हाहामोंग्ना पार्कात खेळून आलो. पॅसाडेनाजवळच्या याच पार्कातल्या ओक ग्रोव्हमध्ये एड हेड्रिक यांनी 1975 साली डिस्क गोल्फचं, म्हणजे चकती नेमावर फेकण्याच्या खेळाचं, पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. सुरुवातीला नेम धरायला नुसते खांब होते. साखळ्यांची बास्केट त्यांनी नंतर घडवली. चकती साखळ्यांवर आदळून खणखणत खाली पडते, तो आवाज मला फार आवडतो.

या मैदानाचं खरं मोल त्याच्या खुलेपणात आहे. तिकीट नाही, सभासदत्व नाही. एक चकती घेऊन कुणीही यावं. जुन्या ओकांमधून सरळ फेक क्वचितच साधते, चकतीला वळण द्यावंच लागतं, आणि खेळाची सगळी गोडी तिथेच आहे.

पण याच झाडांची मला काळजी वाटते. चकत्यांच्या माराने साल सोलवटते. रोजच्या पावलांनी मुळांभोवतीची माती घट्ट होते, मग तिच्यात पाणी मुरत नाही. झाडीतल्या प्रत्येक डिस्क गोल्फ मैदानाचं हे दुखणं आहे. शिवाय आजच्या लांब पल्ल्याच्या चकत्यांना जुनी अंतरं अपुरी पडतात, आणि फिरायला येणारी माणसं, घोडेस्वारही याच परिसरात असतात.

बास्केटच्या जागा अधूनमधून बदलाव्यात, मुळांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं. आणि खेळणाऱ्यांनो, वाटेवर कुणी दिसलं तर थांबा. ते पुढे गेल्यावरच फेका.