हिरव्या वहीचं चित्र

मंगळवारी दुपारी पावणेतीनला बाबांचा फोन आला. आमच्या बाबांना ऑफिसच्या वेळेत फोन करायची सवय नाही. त्यांच्या मते मुलगा 'कंपनीत' असतो, म्हणजे तिथे यंत्रं चालू असणार, आणि चालू यंत्रावरच्या माणसाला हाक मारायची नसते. त्यामुळे स्क्रीनवर 'बाबा' दिसल्यावर छातीत धस्स झालं. मीटिंग म्यूट केली आणि कॉरिडॉरमध्ये पळालो.

"अरे, माझ्या मोबाईलवरची हिरवी वही गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. काल रात्री होती. आता सगळी चित्रंच बदललीत."

हुश्श! तब्येतीचं काही नव्हतं. आणि हुश्श झाल्याबरोबर अस्मादिकांमधला हेल्पडेस्क जागा झाला. "काही नाही हो बाबा, आयकॉन गेला असेल. ते ॲप काढून टाका आणि प्ले स्टोअरवरून परत घ्या. दोन मिनिटांचं काम."

"वही दिसतच नाही, तर काढू कुठून?"

या प्रश्नाला खरं तर दाद द्यायला हवी होती. पण तीन वाजता रिलीज होतं, मॅनेजर आत वाट बघत होता. मी घाईघाईत सांगितलं, प्ले स्टोअरमध्ये नाव टाका, तिथे 'अनइन्स्टॉल' असं बटण येईल. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "शनिवारी येतोयस ना? मग राहू दे. तूच बघ."

रिलीज झालं, पडलं, परत झालं. (आमच्याकडे हे असंच असतं.) रात्री साडेबाराला दात घासताना एकदम डोक्यात ट्यूब पेटली आणि तोंडातला फेस तसाच राहिला.

आता ती हिरवी वही म्हणजे काय ते सांगतो. बाबा भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेहता आहेत. भिवंडीबाहेरच्या मंडळींसाठी: मेहता म्हणजे मालक आणि कारागीर यांच्या मधला माणूस. सूत किती आलं, कापड किती निघालं, कुणाची पाळी कुठली, कुणाचा पगार किती, हे सगळं त्याच्याकडे. आणि सगळ्यात नाजूक हिशोब म्हणजे उचल. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणाकडचे. घरी लग्न निघालं, आजारपण आलं, छप्पर गळायला लागलं की मेहताजींकडून उचल घ्यायची आणि दर पंधरवड्याच्या पगारातून थोडीथोडी फेडायची. याला चिठ्ठी नसते, सही नसते. मेहताच्या वहीत जे लिहिलंय ते खरं. बाबांच्या वहीवर आजवर कुणी वाद घातलेला नाही, आणि याचा त्यांना मनातून बराच अभिमान आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी ही वही मी बंद केली. कागद भिजतो, सुताची धूळ बसते, बेरीज चुकते वगैरे भाषण देऊन त्यांच्या मोबाईलवर खातेवहीचं एक छोटंसं फुकट ॲप टाकून दिलं. त्याचं चित्र हिरव्या वहीचं. लॉगिन नको, पासवर्ड नको, जाहिराती कमी. मला ते फार आवडलं होतं. लॉगिन नाही याचा दुसरा अर्थ असा की सगळा हिशोब त्या फोनच्या पोटात, आणि फक्त तिथेच. अँड्रॉइडवर ॲप काढलं की त्याची स्वतःची साठवणही त्याच्याबरोबर पुसली जाते. म्हणजे मी बाबांना सांगितलेलं दोन मिनिटांचं काम चौदा माणसांची उचल दोन मिनिटांत पुसणारं होतं. सॉफ्टवेअर इंजिनिअर! बी.ई.!

सकाळी सहाला फोन लावला. "बाबा, काही काढलं नाही ना?"

"नाही रे. नाक्यावरचा मोबाईलवाला म्हणाला, रिसेट मारतो, दोनशे रुपये द्या. मी म्हटलं, मुलगा यायचाय."

हा 'रिसेट' म्हणजे फॅक्टरी रिसेट असता तर फोटोंसकट सगळंच गेलं असतं. एका आठवड्यात दोन तज्ज्ञांनी त्यांना चुकीचा सल्ला दिला. त्यातला फुकटवाला मी.

शनिवारी संध्याकाळी पंधरवड्याचा पगार होता. म्हणजे त्याआधी वही सापडायलाच हवी. सकाळी सातला ठाण्याहून निघालो. बाळकुम, कशेळी, काल्हेर. या रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल एक वेगळी पोस्ट लिहिता येईल, पण ती वाचायला तुम्हाला त्याच ट्रॅफिकमध्ये बसावं लागेल. गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या मागे उभा असताना माझ्या डोक्यात एकच भीती होती: बाबांनी कुठली एपीके फाईल तर उघडली नसेल? व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या या फाईल्सनी गेल्या दोन-तीन वर्षांत देशभर लोकांची खाती रिकामी केली आहेत. त्यातली बरीच ॲप्स शिरल्यावर आपलं चित्र लपवतात, म्हणजे काढायला जावं तर दिसतच नाहीत. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून हे लपणं अवघड झालंय, पण चोरांनाही अपडेट येतातच.

घरी पोचलो. चहा बाजूला ठेवून फोन हातात घेतला, आणि पहिल्या नजरेत फोन बाबांचा वाटलाच नाही. मागे गणपती, त्याच्या मागे फिरणारं तेजोवलय, सगळे आयकॉन सोनेरी गोलात. हिरवं काही नाही, लाल काही नाही, सगळं प्रसादाच्या मोदकासारखं एकसारखं.

"हे गणपती कधी बसवले?"

"सोमवारी रात्री. एकाने लिंक पाठवली होती. काहीतरी विचारलं त्याने, मी 'नेहमी' दाबलं. गणपतीला एकदाच कसं म्हणायचं?"

इथे सगळा उलगडा झाला. आपण ज्याला फोनची स्क्रीन म्हणतो ती फोन नव्हेच. तेही एक ॲपच असतं, त्याला लाँचर म्हणतात. चित्रं मांडणं एवढंच त्याचं काम. हे वॉलपेपरचं ॲप स्वतःचा लाँचर घेऊन आलं होतं आणि बाबांच्या 'नेहमी'मुळे गादीवर बसलं होतं. नवा राजा, नवी मांडणी. सगळी ॲप्स जागच्या जागी होती, फक्त चित्रं बदललेली आणि जागा हललेल्या. हिरवी वही दुसऱ्या पानावर सोनेरी गोल होऊन बसली होती, खाली इंग्रजीत नाव. बाबा त्या गोलावरून चार दिवस बोट फिरवत होते.

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या ॲप्सची यादी काढली. आयकॉन शोधायचा असेल तर कायम इथेच जावं. स्क्रीन खोटं बोलू शकते, ही यादी सहसा बोलत नाही. अनोळखी ठिकाणाहून आलेलं काही नव्हतं. (हुश्श क्रमांक दोन.) हिरवी वही होती, आणि ॲपची साठवण शून्य नव्हती. तिचा आकडा बघून मी चहाचा पहिला घोट घेतला. मग डिफॉल्ट ॲप्स, त्यात होम ॲप, आणि तिथे जुना लाँचर निवडला. एका क्षणात बाबांची सगळी स्क्रीन परत आली, प्रत्येक चित्र जिथल्या तिथे. कारण प्रत्येक लाँचर आपली मांडणी स्वतःपाशी जपून ठेवतो. नवा आला तरी जुना आपली वही फाडत नाही.

तुमच्या आईबाबांकडे प्रकार वेगळा असू शकतो. पुष्कळदा आयकॉन नुसताच होम स्क्रीनवरून ओढला गेलेला असतो. तेव्हा स्क्रीन वर सरकवून सगळ्या ॲप्समधून दाबून धरून परत आणायचा. काही फोनमध्ये होम सेटिंग्जमध्ये ॲप लपवायची सोय असते आणि घरातलं एखादं लहान मूल ती बरोब्बर शोधून काढतं. चित्र फिकट होऊन त्यावर ढग आला असेल तर जागा कमी पडली म्हणून ॲप आर्काइव्ह झालंय. दाबलं की परत उतरतं, आतली माहिती टिकते. आयफोनवर २०२० पासून ॲप लायब्ररी आहे, शेवटच्या पानाच्या पलीकडे, तिथे बघा. पण काहीही करा, 'काढून परत टाका' हे आधी म्हणू नका.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं आलोच आहे तर जरा आवरून देऊ. पैशाची ॲप्स एका फोल्डरमध्ये, बोलायची दुसऱ्यात, झकास नावं दिली. बाबांच्या हातात फोन दिला. त्यांनी अंगठा सवयीने उजवीकडे खाली नेला, तिथे रिकामं. मग वर. मग माझ्याकडे बघितलं.

"आहे तसं करून दे बाबा."

ते मला 'बाबा' म्हणतात तेव्हा विषय संपलेला असतो.

जेवताना त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते ॲपची नावं वाचतच नाहीत. 'तेज'चं नाव गूगल पे होऊन २०१८ पासून इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यासाठी ते अजून तेजच, कारण ते डावीकडे वर असतं. त्यांना वाचता येत नाही असं नाही. कापडाच्या धंद्यात चित्राने ओळखायची सवयच जुनी. मँचेस्टरहून कापड यायचं तेव्हा प्रत्येक तुकड्यावर रंगीत छापील चित्र चिकटवलेलं असायचं, देवादिकांचं, वाघ-हत्तीचं. गिऱ्हाईक गिरणीचं नाव वाचत नसे, चित्र मागत असे. आयकॉन म्हणजे दुसरं काय? छापच की.

आणि छाप बदलली की काय होतं हे आपण महाराष्ट्रात ताजं ताजं बघितलंय. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि तिच्यावर चिन्ह, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही मत टाकता यावं. आता २०२४. घड्याळ गेलं, शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला. आमच्या भिवंडीत ती तुतारी निवडून आली. पण दिंडोरीत पिपाणीचं चित्र असलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली, कारण यादीत त्या पिपाणीचं मराठी नावही तुतारीच होतं. त्यातल्या कितीजणांचा अंगठा सवयीने, किंवा सवय नसल्यामुळे, चुकीच्या जागी गेला असेल? आम्ही ऑफिसात आयकॉन बदलतो तेव्हा त्याला 'रीफ्रेश' म्हणतो आणि केक कापतो.

असो. तर पगार. चार वाजता आम्ही दोघं कारखान्यात गेलो. बाहेरच्या गल्लीतच मागांची खडखड सुरू होते, आत तर बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. बाबांच्या टेबलापाशी बसून मी हिरवी वही उघडली, पहिलं काम म्हणून सगळा हिशोब एका फाईलमध्ये काढून स्वतःला मेल केला, आणि दर पंधरवड्याला मेल करायचं हे त्यांना शिकवायला घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खण उघडून एक कागदी वही काढली. कोरी करकरीत, लाल कापडी पुठ्ठ्याची.

"ही कधीची?"

"मंगळवारची. तुला फोन केला ना, त्यानंतर आणली."

चौदा नावं, प्रत्येकापुढे उचल, फेड, बाकी. सगळं आठवून लिहिलेलं. माझ्या सल्ल्यावर त्यांचा किती विश्वास होता तेही कळलं.

मी ॲपमधले आकडे वाचत गेलो, ते वहीवर बोट ठेवत गेले. एक, दोन, तीन... बरोबर. दहापर्यंत एकही चूक नाही. अकराव्याला अडकलो. ॲपमध्ये बाकी साडेतीन हजार, वहीत तीन हजार. मला, खरं सांगतो, किंचित बरं वाटलं. शेवटी माणसाची आठवण ती आठवणच.

"बाबा, इथे पाचशेचा फरक आहे. ॲपमध्ये साडेतीन आहेत."

बाबांनी चष्मा वर केला. "बुधवारी त्याने पाचशे आणून दिले. तेव्हा तुझी वही कुठे होती?"

मी ॲपमध्ये पाचशे जमा केले. तारीख बुधवारची टाकली. उरलेली तीन नावं बरोबर निघाली, आणि पाच वाजता पहिला कारागीर हात पुसत टेबलापाशी आला.